आढ्याला बांधलेली केळी

कुस्रीनीने आढ्याच्या टोकावर पुन्हा हातोडी मारली आणि श्वास रोखून ऐकलं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. हातातलं यंत्रही तेच सांगत होतं, नाद खालच्या पट्टीत उठतोय आणि उठल्याउठल्या विरतोय.

"काय म्हणतंय तुमचं लाकूड, बू?" गावप्रमुख पाक सुगिमानने खालून विचारलं. इथे मानाने बाईला बू म्हणत, पुरुषाला पाक.

"थांबा जरा."

शिडीवर उभं राहून तिची कंबर भरून आली होती. सेंगोन म्हणजे बांधावर भराभर वाढणारं, फळांच्या खोक्यांचं हलकं लाकूड. राळ मुरवून, तापवून, दाबून ते छपराच्या लायकीचं करण्यात तिची सगळी नोकरी सरली होती. गावाने नव्या मंडपासाठी ते घेतलं, पण अट घालून. वर चढवल्यावर आढं खणखणीत वाजलं पाहिजे. नाहीतर ते उतरवायचं आणि झऱ्याकाठचे दोन जुने साग पाडायचे. करवतवाला दर्सो सकाळपासून मंडपाच्या पायरीवर येऊन बसला होता.

परवा वर चढवण्याआधी अंगणात हेच आढं घंटेसारखं वाजलं होतं. यंत्रावरचा तेव्हाचा आकडा लिहून मोकळं व्हावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. कोणी विचारलं नसतं.

तोल सावरायला तिने आढ्यावर हात टेकला. हाताला कापड लागलं. लाल-पांढरं कापड घट्ट गुंडाळलेलं, त्याखाली दोन नारळ, उसाचं कांडं आणि कच्च्या केळ्यांचा भलामोठा घड. आढं चढवताना हे बांधायचंच असतं. तिच्या वडिलांच्या घरालाही बांधलं होतं. इतकं सवयीचं, की यंत्र लावताना ते तिला दिसलंच नव्हतं.

"एम्बाह, हे थोडा वेळ सोडता येईल?"

ते बांधणारी म्हातारी तुकिना, गावाची एम्बाह म्हणजे आजी, खाली पान चघळत होती. "केळी पिकून आपणहून पडेपर्यंत हात लावायचा नाही. आईने शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं होतं. किती दिवस लागतील पिकायला?"

"केळ्यांना विचार. यंत्र आहे ना तुझ्याकडे."

लोक हसले. दर्सो म्हणाला, "तोवर मी इथेच राहतो. रिकाम्या हाताने गेलो तर बायको घरात घ्यायची नाही."

कुस्रीनी खाली उतरली. जुन्या मंडपाचं सागाचं आढं आवारात पडलं होतं. एका टोकाला वाळवी, बाकी ठणठणीत. तिने ते सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवायला लावलं आणि हातोडी मारली. आवाज लांबपर्यंत घुमला.

"साग तो साग," सुगिमान म्हणाला.

"आता तसाच एक घड आणा. नारळ, ऊस, कापडही."

"मेलेल्या आढ्याला नैवेद्य?"

"नैवेद्य नाही, पाक. नुसतं वजन."

कुरकुरत का होईना, सगळं बांधून झालं. तिने हातोडी सुगिमानच्या हातात दिली. त्याने मारली. पुन्हा जोरात मारली. तोच ओल्या पोत्याचा आवाज. सागाने भर चौकात मान खाली घालायला लावावी, तसा तो त्याकडे बघत राहिला.

"म्हणजे सेंगोन चांगलं आहे?"

"ते आज नाही सांगता येणार. आज आपण केळ्यांचा आवाज ऐकला."

"हो म्हणून टाका की, बू. झऱ्यावरचे साग पाडायची आम्हाला तरी कुठे हौस आहे?"

हो म्हणणं सोपं होतं. परत यावं लागलं नसतं.

"केळी पडली की कळवा," ती म्हणाली. "मी येते. तोवर साग राहू देत."

सुगिमानने तुकिनाकडे पाहिलं. तिने पिंक टाकली आणि मान हलवली.

"दर्सो, जा घरी."

दर्सोने करवत पोत्यात गुंडाळली. "आणि हा खालचा घड? नुसतं वजनच ना?"

"घेऊन जा."

त्याने तो लगेच खांद्यावर टाकला. कुस्रीनी यंत्राच्या तारा गुंडाळत बसली. परतीच्या बसला अजून वेळ होता. तिने सेंगोनच्या खांबाला पाठ टेकली आणि वर पाहिलं. केळी हिरवीगार होती, दगडासारखी.