भंगारातल्या बोटीचा क्रमांक

मी समुद्रावर बोलणारा एक रेडिओ आहे आणि सध्या दौंडच्या एका घरात, लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, गोधड्यांच्या चळतीला टेकून बसलो आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी एखादा चिकित्सक वाचक लगेच विचारील, की जिथून समुद्र इतका दूर, तिथे या यंत्राचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देतोच. पण आधी एक गैरसमज दूर करतो. मी बिघडलेलो नाही. वीज जोडा, आत्ता बोलेन. मी इथे पडलो आहे तो माझ्या दोषामुळे नव्हे. ज्यांनी मला हौसेने विकत आणले, त्यांनीच माझ्या तोंडून खोटे वदवले, म्हणून.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. खाऱ्या पाण्याने गंजणार नाही असे पांढरे अंग, वळ्यावळ्यांच्या तारेला टांगलेला माइक आणि लाल झाकणाखाली संकटाचे बटण, असा माझा थाट होता. कारखान्याने मला सर्व काही दिले. ओळख मात्र दिली नाही. ही चूक नव्हे, नियम आहे. बोटीचा रेडिओ-परवाना काढला, की त्या बोटीला सरकारकडून एक क्रमांक मिळतो आणि तो माझ्यात भरावा लागतो. लाल बटण दाबले, की मी तो क्रमांक चहूकडे धाडतो आणि ऐकणाऱ्याला कळते, की कोणती बोट संकटात आहे. याशिवाय, जो माणूस माइक हातात घेऊन बोलतो, त्याच्याकडे परीक्षा दिल्याचे प्रमाणपत्र असावे लागते. परवाना बोटीचा, प्रमाणपत्र माणसाचे. परमुलखाच्या बंदरात दोन्ही मागतात, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. एवढे ध्यानात ठेवा. कारण या दोहोंची जाणूनबुजून गल्लत केली म्हणजे काय होते, तीच माझी कथा आहे.

मला विकत घेणारे एबनेझर साळवे हे शिरूर तालुक्यातल्या केंदूरचे. मी त्यांना मामाच म्हणतो, कारण त्यांची भाची रिबेका म्हणते. मामांची उमेदीची वर्षे मुंबईच्या एका गोदीत गेली. जुन्या बोटी दुरुस्त करणे आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या तोडून भंगारात घालणे, हे त्यांचे काम. निवृत्त होऊन गावी आले ते एकच वेड घेऊन: स्वतःची शिडाची बोट बांधायची आणि तीतून परदेशी जायचे. कांद्याच्या वखारीशेजारी त्यांनी पत्र्याची शेड उभारली आणि तीत फायबरची बोट आकाराला येऊ लागली. तिला त्यांनी आपल्या आईचे नाव दिले, 'मार्था'.

सारे गाव ती बोट पाहायला येई. शेजारचा म्हाळू तर रोजचाच.

"आप्पा, पाऊस लय व्हनार हाय का औंदा? तुमच्या बायबलातल्या नोहावानी जनावरं बी भरनार जनू."

"तुला घेतो की," मामा हातातला ब्रश न थांबवता म्हणत. "गाढवाची जागा रिकामीच हाय."

खरे सांगतो, मला तो माणूस आवडे. मला डब्यातून काढले, तेव्हा त्यांनी हात धुऊन कोरडे केले होते. ज्यांचा स्पर्श प्रथम इतका आदराचा असतो, त्यांच्याकडून झालेली दगलबाजी अधिक खोल रुतते.

रिबेका ही मामांच्या धाकट्या बहिणीची, दौंडच्या राहेलबाईंची मुलगी. तिला जहाजावर रेडिओ सांभाळण्याचे काम हवे होते. त्यासाठी तिने रीतसर शिक्षण घेतले, परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवले. एका जहाज कंपनीने तिला सांगितले होते, की एखाद्या परदेशी सफरीचा अनुभव घेऊन ये आणि कामावर रुजू हो. म्हणून 'मार्था'वर ती निघाली होती. मामांना ती सफर म्हणजे हौस होती. तिला ते आयुष्याचे दार होते.

शेडमध्ये एका दुपारी ती मामांना समजावत होती.

"मामा, माझं सर्टिफिकेट माझ्यापुरतं. बोटीचं लायसन वेगळं काढावं लागतं. ते आलं की नंबर येतो."

"किती हेलपाटे मारायचे त्यापायी?" मामा वैतागून म्हणाले.

म्हाळू उंबऱ्यावर तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "येवढं काय घिऊन बसलाय, आप्पा? आमच्या टॅक्टरला कुनाची पाटी हाय ठावं हाय का? पाव्हन्याचा टॅक्टर भंगारात गेला, त्याची पाटी आमच्या टॅक्टरला ठोकली. ऊस घिऊन जातो, कारखाना वजन करून घेतो. मेलेल्या टॅक्टरची काय तक्रार येनार हाय?"

मामा मोठ्याने हसले. मला ते हसणे विनोदाला दिलेली दाद वाटली. ती दाद नव्हती. ती कल्पना पसंत पडल्याची खूण होती.

दौंडच्या खाली भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर बोटीची चाचणी झाली आणि मग ट्रेलरवरून ती समुद्राला आली. निघण्याच्या आदल्या दिवशी रिबेका किराणा आणायला गेली असता मामा माझ्यासमोर बसले. त्यांनी एकेक बटण दाबत एक क्रमांक माझ्यात भरला. तो 'मार्था'चा नव्हता. गोदीत त्यांनी स्वतःच्या हातांनी तोडलेल्या एका बोटीचा होता. मित्रांनो, यंत्राला नकार देता येत नाही. मी तो क्रमांक स्वीकारला आणि त्या क्षणापासून मी मेलेल्याच्या नावाने बोलणारा झालो.

रिबेका परतली. पडद्यावरचे आकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

"आला नंबर?"

"मग! मामा म्हंजी काय वाटला तुला?"

"आणि कागद?"

"एजंटाकडं हाय. पोचूस्तोवर मेलवर येतोय."

"नक्की ना, मामा?"

"अगं, माझ्या आईचं नाव हाय बोटीवर. तिच्या नावाखाली खोटं बोलंन व्हय मी?"

रिबेकाला याच मामांनी भीमेत पोहायला शिकवले होते. पाण्यात ज्यांनी हात सोडला नाही, त्यांच्यावर संशय कोण घेईल? तिने घेतला नाही. तिला भोळी म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे. विश्वास ठेवणे हा बुद्धीचा दोष नव्हे, तो मोडणे हा चारित्र्याचा दोष आहे.

वाटेतले दिवस माझ्या भाग्याचे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांशी रिबेका माझ्यातून बोले. माझ्या बाबतीत एक शिस्त पाळावी लागते: बटण दाबून धरले तर बोलता येते, पण ऐकता येत नाही; ऐकायचे तर बटण सोडावे लागते. ती नेमके बोले आणि लगेच सोडी. श्रीलंकेच्या एका बंदराला तिने पहिली हाक दिली, तेव्हा पलीकडचा आवाज उत्तर देऊन वर म्हणाला, की इतके स्वच्छ बोलणे फार दिवसांनी ऐकले. ती लाजली. माझ्यासारख्याला त्याहून मोठा गौरव कोणता?

बोट धक्क्याला लागली आणि बंदराचे एक अधिकारी वर आले. सभ्य गृहस्थ होते, थोडेफार हिंदीही जाणत. त्यांनी रिबेकाचे प्रमाणपत्र पाहिले, मान डोलावली आणि बोटीचा परवाना मागितला. मामा खिसे चाचपू लागले. अधिकाऱ्यांनी मला सुरू करून माझा क्रमांक पाहिला, आपल्या यंत्रावर तपासला आणि शांतपणे एक निराळेच नाव वाचून दाखवले. ही बोट तर मोडीत निघालेली दिसते, मग तिचा क्रमांक इथे कसा?

रिबेकाने मामांकडे पाहिले. मीही, डोळे नसताना, पाहिले. मामा मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "रेडिओ का सब ये लडकी देखती है. रेडिओ भी इसकाच है. मैं तो सिर्फ बोट बनानेवाला."

"मामा?"

मामा दोरखंडाची गाठ सोडवू लागले. ती गाठ मारलेलीच नव्हती.

प्रमाणपत्र तिचे, आवाज तिचा, आणि बोटीच्या मालकाच्या सांगण्यावरून यंत्रही तिचेच. अधिकाऱ्यांनी तिचे नाव लिहून घेतले. बोट परवाना मिळेपर्यंत अडकवली. मला भिंतीवरून उतरवून रिबेकाच्या ओंजळीत दिले. तिने नाही म्हटले असते तर? तसे म्हणून पाहिले हो तिने. पण साठी उलटलेल्या मामांच्या शब्दापुढे पोरीचे कोण ऐकणार? मामा बोटीपाशी थांबले, ती एकटी परतली. मी तिच्या मांडीवर होतो.

पुढे बंदराकडून कळल्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाने तिचे प्रमाणपत्र स्थगित करून तिला चौकशीला बोलावले. जहाज कंपनीने कळवले, की निकाल लागल्यावर पाहू.

गेल्या रविवारी, उपासनेनंतर, मामा दौंडला आले. राहेलबाईंनी भावापुढे चहा ठेवला.

"रिबे, झालं गेलं सोड," मामा म्हणाले. "घरातलं घरात मिटवू. तू म्हन, नंबर भरताना चूक झाली. तू तरनी हाईस, परत परीक्षा देशील. माझी बोट गेली तर मी काय करू? आन् त्यो रेडिओ दे. नंबर पुसून आनतो."

मामांनी जणू बटण दाबूनच धरले होते; बोलत होते, ऐकत नव्हते.

रिबेका म्हणाली, "मी गोदीत फोन केला होता, मामा. ती बोट तुम्ही तोडलीत. मी तर ती कधी पाहिलीही नाही. मग तिचा नंबर मला कुठून माहीत असणार? हेच चौकशीत विचारतील. म्हणून पुसायचा आहे ना?"

मामांचा आवाज चढला. "रेडिओ माझा हाय. माझ्या पैशानं आनलाय."

"तिकडं साहेबांसमोर तुम्हीच म्हणालात, रेडिओ हिचा. आता असू द्या माझ्याकडं."

मामा बहिणीकडे वळले. "राहेल, सांग की हिला. रक्ताचं हाय मी."

राहेलबाई उभ्याच होत्या. "दादा, बोट तुझी. पोरगी माझी."

मामा उठून गेले. चहाला त्यांनी तोंड लावले नव्हते. राहेलबाईंनी तो मोरीत ओतला, कप विसळला आणि मग त्या पदराने डोळे पुशीत बराच वेळ मोरीपाशीच उभ्या राहिल्या. भाऊ गमावणारी बाई मी त्या दिवशी पाहिली, आणि तिला तसे करायला लावणारा भाऊही.

मित्रांनो, उद्या रिबेका मला कापडात गुंडाळून चौकशीला नेणार आहे. तिथे मला वीज जोडतील आणि मी तोच क्रमांक दाखवीन. ज्यांनी हात धुऊन मला डब्यातून काढले, त्यांच्याविरुद्ध ती साक्ष असेल. मला तिचा हर्ष नाही. पण मी गप्प राहिलो, तर रिबेकाला पुन्हा कोणत्याही बोटीवरून हाक देता येणार नाही.

म्हणून तुमच्यापाशी मागणे एवढेच. आम्हांला पुसूनबिसून ठेवा न ठेवा. पण आमच्याकडून खोटे बोलवून घेऊ नका. परक्या पाण्यात तुमची ओळख सांगायला आमच्यावाचून कोणी नसते. आणि खोटे उघडे पडलेच, तर जवळ उभ्या असलेल्या विश्वासू माणसाकडे बोट दाखवू नका. तो पुन्हा तुम्हांला मामा म्हणणार नाही. त्याच रविवारी संध्याकाळी रिबेकाने आईला विचारले, "ते गेले का केंदूरला?" 'ते' म्हणजे कोण, हे कळायला मला एक क्षण लागला.