धातूचा तुकडा, एक नग

मी लोखंडाचा एक तुकडा बोलतोय. चिंचोक्याएवढा असेन. एका बाजूला धार आहे, दुसरी बाजू बोथट. फौजेत आम्हाला छर्रा म्हणतात. माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका माणसाच्या डाव्या मांडीत गेलं आणि आता मी एका सरकारी कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडलोय. पिशवीवर चिठ्ठी आहे : 'धातूचा तुकडा, एक नग'. ज्याच्या मांसात मी पन्नासहून जास्त वर्षं काढली, त्याचं नाव चिठ्ठीवर नाही. ते फाइलवर आहे म्हणे, आणि फाइल दुसऱ्या कपाटात. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

कुठल्या देशातल्या कारखान्यात मला ओतलं, ते मला आजही माहीत नाही. तेव्हा मी वेगळा नव्हतोच. उखळी तोफेच्या एका बॉम्बचं पोट होतो आम्ही सगळे मिळून. कुणी विचारलं असतं तर मी विळी झालो असतो, निदान दाराची कडी तरी. पण लोखंडाला कोण विचारतो? पेटीत बसून आम्ही सरहद्दीवर गेलो. एकाहत्तर सालच्या डिसेंबरात, पूर्वेकडे एका नदीच्या काठावर, कुणीतरी आम्हाला नळीत सोडलं. ज्यानं सोडलं त्यानं काशीरामला कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलं नव्हतं. आम्ही फुटलो, आणि मी सरळ त्याच्या मांडीत जाऊन बसलो.

काशीराम घाडी. मूळचा मालवणकडचा, वाढलेला गिरणगावातल्या चाळीत, बाप गिरणीत. तेव्हा तो विशीतला जवान होता. त्याच्या शेजारी मार्तंड नावाचा साताऱ्याकडचा पोरगा पडला होता, त्याचं पोट फाटलं होतं. स्ट्रेचर एकच होतं. काशीरामनं दात आवळून सांगितलं, "त्याला न्या. मी चालतोय." आणि खरंच चालला. प्रत्येक पावलाला मी आत खुपत होतो. मला त्याची दया येत होती, पण बाहेर यायचं मला जमत नव्हतं.

संध्याकाळी सुभेदारसाहेब जखमींची नावं लिहून घेत होते. काशीरामच्या पँटवरचं रक्त बघून त्यांनी विचारलं, "तुझं लिहू ना?"

"नको साहेब. खरचटलंय नुसतं."

"अरे, रक्त बघ केवढं!"

"साहेब, नाव लिहिलंत तर घरी तार जाईल."

एवढं बोलून तो रडायला लागला. त्याचा मोठा भाऊ बोटीवर खलाशी होता. तो बुडाला तेव्हा घरी तारच आली होती. त्यांच्या चाळीत तार म्हणजे मरण. आत काय लिहिलंय ते वाचायला कुणी थांबत नसे, तारवाला जिन्यात दिसला की रडारड सुरू. काशीरामची आई द्रौपदी, एका तारेतून कशीबशी उठलेली. दुसरी आली असती तर ती वाचायच्या आधीच गेली असती. सुभेदारसाहेबही घरदार असलेला माणूस. त्यांनी नाव लिहिलं नाही. एका जवानानं पट्टी बांधली, लढाई थोड्याच दिवसांत संपली, आणि जखम माझ्यावरून मिटून गेली.

इथवरचं सगळं मायेनं झालं. पुढचंही मायेनंच झालं, हेच मला अजून सोसत नाही.

काशीराम रजेवर घरी आला. आईनं दारातच ओळखलं.

"लंगडतंस कित्याक रे?"

"व्हॉलीबॉल खेळताना पडलंय गो आये."

तो माणूस आयुष्यात कधी व्हॉलीबॉल खेळला नव्हता. पण तोंडातून निघालं ते निघालं. पाय सुजला म्हणून आई त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? आई शेजारीच बसलेली. काशीराम पुन्हा म्हणाला, व्हॉलीबॉल. डॉक्टरांनी तसं लिहिलं. सूज उतरेना, रजा वाढवावी लागली, आणि वाढीव रजेसाठी तीच चिठ्ठी पलटणीत द्यावी लागली. तिथून ते व्हॉलीबॉल त्याच्या नोंदींमध्ये गेलं आणि तिथंच राहिलं.

पुढे जखमींना पदक द्यायचं ठरलं. ज्यांची नावं लिहिलेली होती त्यांना मिळालं. मार्तंडला मिळालं तेव्हा काशीराम रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी आत होतो, मला कळत होतं. त्याला वाईट वाटलं नव्हतं. आई जिवंत होती, ठणठणीत होती, हाच त्याचा फायदा. फौजेतून सुटल्यावर तो चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत सिक्युरिटीचा मुख्य म्हणून लागला. तिथंच सेक्टरमध्ये घर झालं, शेवंतीशी संसार झाला, दीप्ती झाली. दीप्ती लहान असताना त्याच्या मांडीवर बसायची. "इथं बॉम्ब आहे," तो सांगायचा, आणि ती बोटानं मला चाचपायची. तिची बोटं मला आवडायची.

काशीरामची आई गेली. वर्षं गेली. माझी थंडीतली कळ सोडली तर आमच्यात काही भांडण नव्हतं.

मग एकदा औषधोपचाराच्या कार्डासाठी दीप्ती त्याचे जुने कागद चाळत बसली. आता ती ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होती, इंग्रजी भराभर वाचायची. वाचता वाचता थांबली आणि हसली.

"बाबा, हे काय? इथं तर व्हॉलीबॉल लिहिलंय!"

काशीरामनं तिच्या हातातून कागद घेतला.

"म्हणजे तो बॉम्ब वगैरे... खरं काय ते सांगा ना!"

ती चेष्टेत म्हणाली. पण त्या दिवशी काशीरामचं जेवण गेलं. शत्रूनं मला त्याच्यात घुसवलं तेव्हा तो एवढा कळवळला नव्हता. पोरीला आपण थापाडे वाटलो, हे त्याला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकच गोष्ट धरली : आपण जिवंत असताना ते व्हॉलीबॉल खोडलं गेलं पाहिजे, आणि जखमेचं पदक मिळालं पाहिजे. पदक कपाटात गेलं तरी चालेल, पण दीप्तीनं ते बघायला हवं.

फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात अर्ज केले. उत्तर आलं, जखमींच्या यादीत नाव नाही. पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं, इजा खेळताना झाल्याची नोंद आहे. त्यानं सगळं खरं लिहून पाठवलं, आईचं, तारेचं. त्याला उत्तर आलं नाही. हल्ली कोणी तार बघितलेली नाही, कुणाला काय कळणार म्हणा.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत झेंडावंदन असे. बाकीची पदकं नव्या पट्टीवर बसवून घ्यायला तो दुकानात गेला, तेव्हा त्यानं मधे एक जागा मोकळी सोडायला लावली.

दुकानदार म्हणाला, "काका, विचित्र दिसेल ना. दात पडल्यासारखं."

"दिसू दे. एक यायचंय."

काय गंमत बघा, मी होतो हे बाकी सगळ्यांना कळायचं. मॉलच्या दारातला पोरगा यंत्र फिरवायचा, ते माझ्यापाशी येऊन किंचाळायचं. काशीरामची कंबर धरली आणि एमआरआय सांगितला तेव्हा तर कमालच झाली. यंत्रावरच्या मुलानं आधी एक्स-रे काढला, बघितला आणि म्हणाला, "आजोबा, मांडीत काय घेऊन फिरताय? लोखंड आहे आत! या मशीनमध्ये नाही जाता येणार, वाट लागेल पायाची."

काशीरामला आनंद झाला. कंबर राहिली बाजूला. "हे लिहून देशील काय रे?" त्यानं विचारलं. दीप्ती शेजारी उभी होती. तिनं एक्स-रे उजेडाकडे धरला, मला बघितलं, आणि तिथंच, सगळ्यांदेखत, रडली. "सॉरी बाबा," म्हणाली. त्या दिवसानंतर बापापेक्षा तीच जास्त पेटली.

ऑफिसनं एक्स-रे पाहून कळवलं : शरीरात धातू असल्याचं दिसतं, तो कधी व कसा गेला हे दिसत नाही. साक्षीदार असल्यास कळवावे.

सुभेदारसाहेब केव्हाच गेले होते. दीप्तीनं इकडेतिकडे विचारून मार्तंडचा पत्ता काढला. त्याच्या मुलानं व्हिडिओ कॉल लावून दिला. आधीच सांगितलं, "आप्पांना आताशा कुणी ओळखू येत नाही, पण बघा बोलून." पडद्यावर एक वाळलेला म्हातारा आला.

"मार्तंडा, मी काशा. ओळखलंस का?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काशा? काशा तर तिथंच गेला. मला स्ट्रेचर दिलं न् गेला बिचारा. लई रक्त जात होतं त्याचं."

"अरे, मी जिवंत आहे रे!"

"नाय नाय. मी बघितलंय. काशा गेला."

आणि तो काशासाठी रडायला लागला. काशीराम फोन धरून बसून राहिला. साक्ष मिळाली होती, शब्दन् शब्द मिळाली होती, पण ती एका मेलेल्या माणसाबद्दल होती. ती कुठल्या कागदाला जोडणार?

मग त्यानं सर्जनला गाठलं. म्हणाला, हा बाहेर काढा, मी तो नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवतो. सर्जननं हात जोडले. मी मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसलेला, आणि काशीरामचं हृदय थकलेलं. "टेबलावरच जाल," ते म्हणाले. आत बसून मी ऐकत होतो. सुटून यायची इतकी इच्छा मला कधीच झाली नव्हती.

घरी आल्यावर त्यानं दीप्तीला समोर बसवलं.

"मी गेलो की विजेवर नको नेऊ. लाकडांवर ने. आणि राख सावडताना नीट बघ. सापडेल तो."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!"

"बघशील ना पण?"

शेवंती आतून ओरडली, "मेल्यावर पण तेंका ता पदकच व्हया!" आणि पदराला डोळे पुसत राहिली.

तो दिवाळीच्या आधी गेला. झोपेत गेला, तेवढं बरं झालं. लोखंडाला ऊब आवडते, असं मला वाटायचं. त्या चितेवर ते वाटणं संपलं. ज्याच्यात राहिलो ते सगळं माझ्या भोवतीनं गेलं आणि मी एकटा उरलो. अग्नी दीप्तीनंच दिला होता. राख सावडायलाही तीच आली. गुरुजी दूध शिंपडत होते, घाई करत होते, आणि ती गुडघ्यांवर बसून उघड्या हातांनी राख चाळत होती. तिचं बोट मला लागलं. लहानपणी चाचपायची, तेच बोट. तिनं मुठीत धरलं आणि किती वेळ मूठ उघडलीच नाही.

घरी शेवंतीनं मला धुतलं आणि देव्हाऱ्याजवळच्या पितळी करंड्यात ठेवलं. त्यातलं कुंकू नवरा गेला त्या दिवशीच तिनं काढून टाकलं होतं. सकाळी ती करंडा उघडायची, माझ्याशी दोन शब्द बोलायची, बंद करायची. बहुतेक तक्रारीच असायच्या. गुडघे दुखतात, पाणी कमी येतं, असल्या.

विधी उरकल्यावर दीप्ती मला घेऊन त्या नोंदींच्या ऑफिसात गेली. साहेब वयानं तिच्याएवढेच होते, बोलायलाही बरे होते. "मॅडम, अर्जदार गेले म्हणून आम्ही प्रकरण बंद केलंय. आईंच्या सहीनं नवा अर्ज द्यावा लागेल. आणि हा तुकडा त्यांच्याच अंगातला कशावरून? उद्या कुणी भंगारातून उचलून आणेल."

दीप्तीनं एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरला आणि मला त्यावर टेकवलं. तिथं माझी सावली होती. धारेला धार, बोथट बाजूला बोथट बाजू. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तपासायला पाठवावा लागेल," ते हळूच म्हणाले. "जमा करा. पण परत मिळेलच, असं मी सांगू शकत नाही."

ती मला घेऊन घरी आली. आईला सगळं सांगितलं. परत मिळेलच असं नाही, हे मात्र सांगितलं नाही.

शेवंती म्हणाली, "ता माझ्याकडे असांदे. तेंचा आता एवढाच उरला हा."

"आई, बाबांना हेच हवं होतं ना गं? हा टेबलावर जायला हवा होता त्यांना."

शेवंती संध्याकाळभर करंडा मांडीवर घेऊन बसली होती. सकाळी तिनं आपणहून मला खणाच्या चिंधीत गुंडाळलं आणि दीप्तीच्या हातात दिलं. हात मात्र लगेच सोडला नाही.

"परत हाडशीत मां गो?"

"हो आई. परत आणीन. नक्की."

तेव्हापासून मी इथं आहे. चिंधी त्यांनी परत दिली, ती नियमात बसत नव्हती. तपासणी अजून झालेली नाही. कपाट अधूनमधून उघडतं, कुणीतरी दुसरंच काही काढतं, बंद होतं.

तुम्ही जे कुणी शेवटी ही पिशवी फोडाल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. काशीराम आईशी खोटं बोलला, ते तुम्ही इतकी वर्षं खरं धरून बसलात. ते खोडा. आणि दीप्तीही तिच्या आईशी खोटं बोलली आहे. तेवढं खरं करा.