कोऱ्या चिठ्ठीवरचा ओके

मी एक जुना रबरी शिक्का आहे, आणि मित्रांनो, आज मी भयंकर चिडलो आहे. आपली कहाणी शांतपणे सांगावी म्हणतात. ज्यांना जमतं त्यांनी खुशाल सांगावी.

माझ्या तोंडावर एकच शब्द कोरलेला आहे: ओके. शब्द इंग्रजी, पण आता तो कुणाच्याही तोंडी असतो. तब्येत कशी आहे? ओके. आई ओरडली? ओके. भांडण नकोसं झालं? ओके, ओके! हो म्हणजे ओके, बरं म्हणजे ओके, आणि 'आता तुझं पुराण पुरे कर' म्हणजेही ओकेच. एवढ्या अर्थांचं ओझं वाहून त्या बिचाऱ्या शब्दाची पार रया गेली आहे.

मी मात्र एकाच अर्थासाठी जन्मलो. शिक्के बनवणाऱ्या एका बाईंनी माझी उलटी अक्षरं कोरली, लाकडी मूठ बसवली आणि माझी रवानगी झाली शिड्यांच्या कारखान्यात. तिथे ओकेचा अर्थ होता, 'या शिडीवर माणूस उभा राहून बघितला आहे'. बस्स.

तो माणूस म्हणजे आमचे तपासनीस. सगळे त्यांना वजनकाका म्हणत, कारण ते शंभर किलोंच्या पुढे होते. "मला नोकरी अकलेवर नाही, वजनावर मिळाली," असं ते स्वतःच हसत सांगायचे. प्रत्येक शिडी उघडायची, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे, सगळ्यात वर जाऊन जरा हिंदकळायचं. खाली उतरून घाम पुसला की मगच ते मला उचलायचे आणि शिडीला बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर टेकवायचे. दिवसाला चाळीस शिड्या! कुणी म्हणालं, "काका, उरका की पटपट," तर ते डोळे वटारायचे. "माझी लेक रंगारी आहे. दिवसभर शिडीवर असते ती. तिच्याऐवजी तू चढतोस का?"

मग काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. आले ते नवे साहेब. त्यांनी एका सकाळी दोनशे कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या आणि मला त्यांच्यावर ठपाठप आपटलं. त्या आठवड्याच्या शिड्या अजून जोडल्यासुद्धा नव्हत्या! "वेळ वाचतो," म्हणाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण शिक्क्याला विचारतं कोण? पुढे तर ताळतंत्रच सुटलं. रजेच्या अर्जावर मी, चहाच्या यादीवर मी, पंखा दुरुस्त झाल्याच्या कागदावर मी. पंखा बंदच होता हो!

परवा दुपारी काका लेकीला घेऊन आले. तिला नवी शिडी हवी होती. तिनं चिठ्ठी पाहिली मात्र, चेहरा खुलला. "बाबा, हा तुमचाच शिक्का ना? मग बघायचं काय त्यात!" आणि शिडी खांद्यावर घेऊन ती निघालीसुद्धा.

"थांब गं," काका म्हणाले. "सवय जात नाही बघ माझी."

त्यांनी शिडी उघडली. पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर दोन्ही पाय ठेवले आणि कडाड! पायरी एका बाजूनं सुटली. लेकीनं त्यांना कमरेला धरलं आणि दोघंही जमिनीवर आपटले. पायरीच्या त्या टोकाला ती जखडून ठेवणारा रिव्हेटच नव्हता, नुसतं भोक होतं.

काकांनी चिठ्ठी साहेबांपुढे धरली. "यावर कोण उभं राहिलं होतं?"

"ओके, ओके, काका," साहेब हात झटकत म्हणाले. "दुसरी घेऊन जा."

"दुसरीवर कोण उभं राहिलं होतं?"

लेक कोपर चोळत उठली. "उद्या मी हिच्यावर चढून जिन्याची भिंत रंगवणार होते," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज चढला. "माझ्या बाबांच्या शिक्क्याला खोटं बोलायला लावलंत तुम्ही!"

माझ्या मनातलं बोलली पोरगी.

कारागिरांनी कुणाला न विचारता गोदाम उघडलं. काकांनी बाह्या सारल्या आणि तिथल्या शिड्या एकेक करून चढायला घेतल्या. कालपर्यंत सहा शिड्या बाद झाल्या. मी आता काकांच्या खिशात असतो आणि ते खाली उतरल्याशिवाय बाहेर येत नाही.

पण मागच्याच आठवड्यात एक ट्रक भरून गेला. एकशे साठ शिड्या, आणि प्रत्येकीवर मी. साहेब दुकानांना फोन करत बसले आहेत, तरी बऱ्याच विकल्या गेल्या.

म्हणून मित्रांनो, कुठल्याच शिक्क्यानं करू नये ती विनंती मी करतो आहे. तुमच्या घरात नवी शिडी आली असेल आणि तिच्या चिठ्ठीवर मी दिसलो, तर आईला किंवा बाबांना वर चढू देऊ नका. आधी पायऱ्यांची टोकं तपासायला सांगा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्या चिठ्ठीवर मी उमटलो, तेव्हा ती शिडी बनलीही नव्हती.