निळ्या कड्याचं घुबड

“ताई, बाळाला इथे आणत जाऊ नका. पिल्लं ऐकतात,” डॉक्टरबाईंनी मला बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. “ऐकू देत की! घुबडाच्या पोरांना अंगाई थोडीच पाठ होणार आहे?”

आमच्या प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह नाहीत. आसपासच्या रानातलेच जीव, त्यातही जखमी नाहीतर पोरके. शाळेच्या मुलांना त्यांची माहिती सांगायची आणि उरलेल्या वेळात पिल्लांना भरवायचं, हे माझं काम. झाड पाडलं गेलं आणि घुबडाची ही दोन पिल्लं आमच्याकडे आली. माणसाची सवय लागलेलं पाखरू रानात सोडता येत नाही. म्हणून भरवताना तोंडावर फडकं, हातात घुबडाच्या तोंडाची बाहुली आणि चकार शब्द नाही. माझ्या लेकीला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, तिची टोपली पडद्यामागे असायची. मी बाहुलीत हात घातला रे घातला, की ही नेमकी भोकाड पसरायची.

सोडण्याआधी परीक्षा झाली. आम्ही बोललो, टाळ्या वाजवल्या. दोघंही भेदरून उंच जाऊन बसली. “पास!” म्हणत डॉक्टरबाईंनी त्यांच्या पायांत निळी कडी घातली. रडून बघायचं कुणाला सुचणार?

त्यांना रानात सोडून दोन वर्षं झाली. मागच्या आठवड्यात एक माणूस पिशवी घेऊन फाटकाशी आला.

“तुमचंच ना हे? पाळण्याजवळच्या खिडकीत चोच वासून बसलं होतं. हाकललं तरी ढिम्म! मेलं बाळावर टपलं होतं. शेवटी काठी घातली.”

पिशवीत निळं कडं दिसलं. टपलं नव्हतं हो, घास मागत होतं, असं सांगावंसं वाटलं, पण त्याच्या जागी मी असते, तर काठी मीही उचलली असती.

डॉक्टरबाई मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. “दुसरंही हेच करणार,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी लेकीचं तान्हेपणीचं रडणं मोबाइलवर मोठ्याने लावून मी रानाच्या कडेकडेने फिरते. काही येत नाही. लेक आता बोट धरून सोबत चालते. “आई, ते बाळ का रडतंय?” विचारते. रडणारी बाळं काय थोडी आहेत? कुठल्या म्हणून खिडकीला मी पुरी पडू?

तुमच्या घरात, शेजारी, कुणाचं तान्हं रडत असेल, तर जरा खिडकीबाहेर डोकावून बघा. पायात निळं कडं असेल. मारू नका त्याला. भूक लागलीय त्याला.