हागीच्या रस्त्यावरचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. जोडीतला डावा. जुना म्हणालो ते वयाने. वरून बघाल तर कालच दुकानातून आणल्यासारखा दिसतो. इंग्लंडमध्ये लीड्समधल्या एका घराच्या मागच्या दाराशी मी आणि माझा उजवा भाऊ बसून असतो. रडगाणं गायचा माझा स्वभाव नाही. जे झालं ते सांगतो.

२००१ साली यॉर्कशायरमध्ये गुरांना लाळ्या-खुरकूत झाला आणि शेतांमधून जाणाऱ्या पायवाटा बंद झाल्या. चालायलाच बंदी, मग चालायचे बूट कोण घेणार? दुकानदाराने आम्हाला सेलच्या टेबलावर मांडलं आणि नेमके गिरीशराव तिथे आले. त्यांनी आम्हाला बायकोसाठी, वीणाताईंसाठी घेतलं.

वीणाताई कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होत्या. तिथल्या एका पुस्तकात त्यांनी जपानमधल्या हागी गावाची चित्रं पाहिली होती. समुराईंची जुनी घरं, मातीच्या लांबच लांब भिंती आणि भिंतींवरून रस्त्यात डोकावणारी संत्र्यासारखी पिवळी फळं. राज्य बदललं, समुराईंची चाकरी गेली, तेव्हा पोटासाठी त्यांनी ही झाडं लावली, असं त्यात लिहिलं होतं. वीणाताई नागपूरच्या. संत्र्यांची गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. ते गाव बघायचं आणि तिथून निघणाऱ्या जुन्या रस्त्याने डोंगरातल्या खेड्यापर्यंत चालत जायचं, एवढं एकच त्यांनी नवऱ्याकडे मागितलं होतं.

गिरीशराव वाईट माणूस नाहीत. फक्त त्यांना चांगली वस्तू वापरलेली बघवत नाही. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पाहुण्यांचे कप कपाटात आणि आम्ही लॉफ्टवर, आमच्या खोक्यात. वीणाताईंनी एकदा विचारलंही, "इल्कली मूरच्या माळावर घालून जाऊ का? जरा पायात बसतील."

"चिखलात कशाला घालतेस? जपानला नवे कोरे घाल ना," गिरीशराव म्हणाले.

आणि जपान दरवर्षी पुढे ढकललं गेलं. आधी मुलाच्या, कुशच्या, ए-लेव्हल्सच्या परीक्षा. मग किचनचं एक्स्टेन्शन. मग "रिटायरमेंट झाली की निवांत जाऊ." वीणाताई अधूनमधून शिडी चढून वर येत, खोकं उघडून आम्हाला बघत आणि झाकण लावून टाकत. पुढे त्यांचं वर येणं बंद झालं. डावा गुडघा साथ देईना, हे मला त्यावरूनच कळलं.

२००८च्या जानेवारीत डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलावा लागेल, जूनची तारीख घ्या. नंतर सपाटीवर आरामात चालाल, डोंगरांचं मात्र विसरा. त्या आठवड्यात गिरीशरावांनी मे महिन्याची तिकिटं काढली. घाबरले होते बिचारे.

अशी आमची सात वर्षांची कैद संपली. हागीत पहिल्या दिवशी आम्ही दोनेक मैल हिंडलो. समुराईंच्या घरांविषयी मला विचाराल तर मी फक्त उंबरे सांगू शकतो. आत जाताना माणसं आम्हाला बाहेर काढून ठेवत, आणि कुणीतरी येऊन आमची तोंडं रस्त्याकडे वळवून जाई, परतताना पाय घालायला सोपं जावं म्हणून. आत तलवारी होत्या म्हणे. मी भिंतीवरची फळं बघत बसलो. झाडावर पिकलेली फळं आणि शेजारी नवी पांढरी फुलं एकदमच होती. त्या वासाने वीणाताई एका गल्लीत बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. आमच्या तळव्यात फोमचा एक थर असतो. पाय पडत राहिला तर तो बरीच वर्षं टिकतो. खोक्यात बंद राहिला तर हवेतली ओल पिऊन आतल्या आत भुसभुशीत होतो, आणि वरून कुणाला पत्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या रस्त्याला लागलो. खाली भाताची लावणी चालली होती, बेडूक ओरडत होते. वीणाताई दोन काठ्या टेकत सावकाश चढत होत्या. तीन मैल झाले आणि माझा तळवा अर्धा लोंबू लागला. दहा पावलांनी तो रस्त्यावर पडला. मागोमाग उजव्याचाही गेला. वीणाताई दगडावर बसल्या. खालून बस मिळाली असती, पण मग हा रस्ता कायमचाच राहिला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गिरीशराव हातातला तळवा उलटसुलट करून बघत राहिले. "पण मी तर इतके जपून ठेवले होते."

"हो ना. सगळंच जपून ठेवलंत तुम्ही," वीणाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझा गुडघा तेवढा ठेवायला लॉफ्टवर जागा नव्हती."

गिरीशरावांनी तळवा रस्त्याच्या कडेला ठेवला. मग खाली बसून त्यांनी आपले बूट काढले आणि पुढच्या टोकात रुमाल कोंबले.

"घाल."

"अहो, आणि तुम्ही?"

"मोजे आहेत की. चल, स्लो जाऊ."

आमच्या नाड्या एकमेकांना बांधून त्यांनी आम्हाला गळ्यात अडकवलं आणि चालू लागले. जुना फरसबंदी रस्ता, मध्येच खडी, मध्येच बांबूची वाळलेली पानं. अर्ध्या मैलात मोजे फाटले. ज्यांनी आयुष्यात कपाला टवका जाऊ दिला नाही, ते स्वतःचे तळवे सोलून घेत दोन मैल चालले आणि हूं की चूं केलं नाही. वीणाताई पुढे होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं.

खेड्यातल्या पहिल्याच घरासमोर एक म्हातारी मुळे धूत होती. तिने गिरीशरावांचे पाय पाहिले, काही न विचारता घमेलंभर पाणी आणलं आणि त्यांना ओट्यावर बसवलं. वीणाताई शेजारी टेकल्या, आलेल्या रस्त्याकडे बघत.

"पोचले मी," त्या म्हणाल्या.

"उशीर केला गं," गिरीशराव म्हणाले. मी त्यांच्या छातीवरच होतो, म्हणून मला कळलं की ते रडत होते.

ऑपरेशन छान झालं. वीणाताई आता पार्कात फिरतात, सपाटीवर, साध्या बुटांत. मला फेकायचं म्हटलं की गिरीशराव नको म्हणतात, पण मला वर नेऊन ठेवायचं नावही काढत नाहीत.

मित्रांनो, एक विनंती आहे. कुणी तुमच्यासाठी काही आणलं तर त्याच दिवशी ते पायात घाला, आणि कुणाला शब्द दिला असेल तर त्याचे पाय चालताहेत तोवर तो पाळा. मी हजार मैल चालायला जन्मलो होतो. पाच चाललो. मला झिजवलं असतं तर फार बरं झालं असतं.