टोळीसाठी कॅसेट

ऊसतोडीच्या टोळ्यांकडे खेपा करणाऱ्या मच्छिंद्रने ट्रकच्या केबिनमधून खताची गोणी ओढून काढली आणि विमलबाईंच्या अंगणात ठेवली. आत काहीतरी खडखडलं.

"काय आनलंस रं?"

"कॅसेटी हायेत, वहिनी. टोळीनं समद्या माघारी धाडल्यात. आता नको म्हनत्यात."

विमलबाईंनी गोणीत हात घातला. वरच्या दोन-तीन कॅसेटांची टेप कुणीतरी ओढून बाहेर काढली होती, तिचा हा एवढा गुंता झाला होता. खालच्या धड होत्या.

"भांडान झालं का काय?"

मच्छिंद्रने डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "झुंबरबाईच्या सुनंला, धनश्रीला, पोरगी झाली. पोरीचं वरचं व्हट फाटलेलं हाय. समदी टोळी म्हनती, भीमराजदादानं तिला गिरानात भाजी चिरायला लावली, त्याच्यामुळं झालं."

आतल्या खोलीत भीमराज कर्ण्याची तुटलेली वायर जोडत बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. एरवी तो आतूनच ओरडला असता, बाहेर येऊन मच्छिंद्रला बसवून घेतलं असतं, चहा मागवला असता. तो काहीच बोलला नाही. विमलबाई गोणी तशीच टाकून दाराशी गेल्या.

गप्प बसणं भीमराजच्या स्वभावातच नव्हतं. तिसगावात त्याची साउंड सर्व्हिस होती. लग्न असो, जयंती असो, जत्रा असो, कर्णे भीमराजचेच. लोकांचे कार्यक्रम संपले की याचा सुरू होई. मुंगी रांगेनं का चालते, एकानं जांभई दिली की दुसऱ्याला का येते, लाही फुटते तेव्हा दाण्याच्या आत काय घडतं, असल्या गोष्टींचं त्याला भारी वेड. वर्तमानपत्राची रविवारची पानं तो जपून ठेवी. नगरला सामान आणायला गेला की वाचनालयात जाऊन बसे. गुरांच्या डॉक्टरांना, पोस्टमनला, बाजारात चष्मे विकणाऱ्याला अडवून प्रश्न विचारी. आणि कळलेली गोष्ट त्याला पोटात ठेवताच येत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात त्याने विमलबाईंना देवमाशाविषयी इतकं सांगितलं होतं, की या माणसानं कधी समुद्र तरी पाहिलाय का, असा प्रश्न त्यांना पडला. त्याने पाहिला नव्हता.

दसरा झाला की निम्मा गाव ऊसतोडीला जाई. उत्तरेला, प्रवरेच्या पट्ट्यात. उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून माणसं तिथे उन्हाळा लागेपर्यंत राहत. एका वर्षी मच्छिंद्र म्हणाला, टोळीत टेपरेकॉर्डर आहे पण तीच तीच गाणी ऐकून माणसं कंटाळली. झालं. भीमराजने जुन्या लग्नांच्या कॅसेटा काढल्या, पुन्हा आवाज भरता यावा म्हणून त्यांच्या पाठीच्या खाचांना चिकटपट्टी लावली आणि त्यांवर स्वतःचं बोलणं भरलं. कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'असं कसं?'

"नमस्कार, राम राम, जयभीम, सलाम! ऊस तोडनारे, मोळ्या बांधनारे, गाडी हाकनारे अन् नुस्तेच बिडी वढनारे, समद्यांनी ऐका!" अशी सुरुवात. मग एकदा साखर पांढरी कशी होते, एकदा सरडा रंग का बदलतो, एकदा आरसा पहिल्यांदा कुणी केला असेल आणि त्यात स्वतःला बघून तो किती घाबरला असेल. शेवटची गोष्ट तो अर्थातच मनची सांगे आणि मनची आहे असंही सांगे. एका टोळीची कॅसेट दुसरीत जाई, दुसरीची तिसरीत. येताना मच्छिंद्र लोकांचे प्रश्न तोंडपाठ करून आणी. आणि भीमराज उत्तर देताना विचारणाऱ्याचं नाव घेई. त्याची ती खास पद्धतच होती. "आपले छगनराव इचारत्यात" म्हटलं की तिकडे कोपीत छगनरावांची मान ताठ होई.

पंचाण्णवच्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. त्याच्या आधी मच्छिंद्र धनश्रीचा प्रश्न घेऊन आला. तिला पाचवा महिना होता. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरलं, कापलं, तर पोराचा ओठ फाटतो म्हणतात, ते खरं का? भीमराजला तर असा प्रश्न म्हणजे पुरणपोळी. ग्रहण म्हणजे नुसती सावली, हे त्याने भाकरी, लिंबू आणि कंदील वापरून असं समजावलं की विमलबाई चूल सोडून ऐकत बसल्या. आणि शेवटी त्याने म्हटलं, "तवा धनश्री, तू बिनघोर भाजी चीर. चांगली वांग्याची कर. फकस्त सूर्याकडं उघड्या डोळ्यानं बघू नको."

ते नाव सगळ्या टोळ्यांनी ऐकलं होतं.

गोणी आली त्या दिवशी भीमराज जेवला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने नगरला गेला. तिथे एका लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात बायकांच्या रांगेत हा एकटा पुरुष बसून राहिला. नंबर आल्यावर काय होतंय म्हणून बाईंनी विचारलं, तर म्हणाला, "मला काई न्हाई हुत. एक शंका हाय." डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग त्याचा चेहरा पाहून नीट बसल्या आणि सगळं सांगितलं.

घरी येऊन त्याने पायांवर पाणी घेतलं आणि तिथेच उभा राहून म्हणाला, "विमल, मी सांगितलं ते खरंच हुतं. व्हट दुसऱ्या महिन्यातच जुळत आसतं. जुळायचं ऱ्हातं कवा कवा. कुनाचाच दोस नसतो. पोरगी जरा बाळसं धरली की टाके घालून नीट करत्यात."

"खरंच आसनार," विमलबाई म्हणाल्या. "पर तिचं नाव कशाला घेतलंत?"

त्याने तांब्या खाली ठेवला. म्हणाला, "नाव घेतल्याबिगर मानसाला वाटत न्हाई गं, की ह्यो आपल्याशीच बोलतोय."

"मग आता समदे तिलाच बोलायलेत."

विमलबाईंना बोलून वाईट वाटलं. पण बोलायला हवंच होतं. या माणसाचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान होता म्हणूनच त्याला असं सोडून देणं त्यांना जमलं नसतं. भीमराजने कोपऱ्यातला छोटा टेपरेकॉर्डर पिशवीत घातला. मच्छिंद्रच्या पुढच्या खेपेला ट्रकच्या केबिनमध्ये दोघं चढली.

कोप्यांपाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती. बाहेर झुंबरबाई सुपात बाजरी निवडत बसल्या होत्या. टोळीत या कार्यक्रमाचं सगळ्यांत जास्त वेड त्यांनाच होतं, हे विमलबाईंनी मच्छिंद्रकडून कितीदा ऐकलं होतं. भीमराजला पाहून त्यांनी सूप खाली ठेवलंसुद्धा नाही.

"आता काय सांगायला आलास? समुद्रात मासा केवढा आसतो त्ये?"

भीमराजने हात जोडले. "मावशी, चुकलं माझं. तिचं नाव घ्यायला नको हुतं."

"तुझ्या चुकन्यानं पोरीचं त्वांड बुजतंय व्हय? पट्टा पडून तोडनी संपू दे. धनश्रीला म्हायेरी घालवते अन् कल्यानला दुसरी बघते. बारसं न्हाई केलं आमी. राहीबाई, सख्खी आत्या, यायला न्हाई म्हनली. त्या पोरीच्या कानात नाव कोन सांगनार?"

आतून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. कोपीच्या तोंडाशी झोळी बांधली होती, तिच्यावर लुगड्याचा पदर टाकला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला चेहरा दिसू नये म्हणून.

"मी दुसरी कॅसेट करतो," भीमराज म्हणाला. "माफी मागतो. समद्यांना सांगतो, का धनश्रीचं नाव विसरा."

"माझं नाव काडू नका."

धनश्री कोपीतून वाकून बाहेर आली. विमलबाईंनी तिला लग्नात पाहिलं होतं, अंगानं भरलेली, हसरी. आता गालफडं वर आली होती. पण आवाज घट्ट होता.

"नाव काडलं तर लोक म्हनतील, काईतरी लपवायचं हाय. इचारलं मी हुतं ना, दादा? मग मीच फिरून इचारते. लावा तुमची मशीन."

भीमराजने विमलबाईंकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो बोलायच्या आधी परवानगी मागत होता. विमलबाईंनी मान डोलावली.

जेवायला फडातून माणसं परतत होती. कोयते खांद्यावर तसेच ठेवून ती लांब उभी राहिली. त्यांत धनश्रीचा नवरा कल्याणही होता, जमिनीकडे बघत. भीमराजने बटण दाबलं. त्याची ती राम राम, जयभीमची सुरुवात त्या दिवशी झालीच नाही. धनश्रीच बोलली.

"मी धनश्री. मागल्या टायमाला म्या गिरानाचं इचारलं हुतं. आता माझा दुसरा प्रश्न हाय. पोटात पोराचं व्हट कवा तयार होतं?"

"दुसऱ्या महिन्यात," भीमराज म्हणाला. "दोन बाजूंनी येतं अन् मधी जुळतं. कवा जुळत न्हाई. आईनं काय केलं, काय न्हाई केलं, त्याच्यानं न्हवं. मी डॉक्टरनीला इचारून आलोय. आन् नगरला टाके घालून बी मिळत्यात. मी सोता घिऊन जाईन."

"मला पाचवा लागला हुता गिरानाला."

"मंग तुझा दुसरा म्हंजी आखाड. आखाडात तू गावाकडं हुतीस. गिरान लागलं दिवाळीत. जे आखाडात घडून गेलं, त्ये दिवाळीतली सावली कसं करंल?"

लांब उभ्या माणसांत कुजबुज झाली. झुंबरबाईंचा बाजरी निवडणारा हात थांबला. विमलबाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"आखाडात म्हनला का गं त्यो?" झुंबरबाईंनी हळूच विचारलं.

"व्हय, मावशी."

"गिरानाच्या दिशी ती इळीला हात लावत नव्हती गं." झुंबरबाई सुपाकडे बघत पुटपुटल्या. "भ्याली हुती. म्या बळंच हातात दिली. म्हनलं, भीमराज सांगतोय ना, मग चीर की. मला लई खरं वाटायचं त्याचं बोलनं."

ही म्हातारी सुनेवर एवढी का चिडली होती, ते विमलबाईंना आत्ता कळलं आणि जीव कळवळला. त्या एवढंच म्हणाल्या, "खरंच हुतं, मावशी. तुमचं काई चुकलं न्हाई." झुंबरबाईंची बोटं पुन्हा बाजरीत फिरू लागली.

तिकडे टेप चालूच होती. धनश्रीने झोळीवरचा पदर बाजूला केला. मुलगी जागी होती. वरचा ओठ नाकापर्यंत उकललेला, आणि त्याच्यावर दोन काळेभोर, टकामका बघणारे डोळे. धनश्री विमलबाईंकडे वळली.

"वहिनी, आमच्या वन्सं आल्या न्हाईत. तुमी व्हा हिची आत्या. बारसं हितंच करू. समद्या टोळ्यांना ऐकू जाऊ दे."

विमलबाई उठल्याच नाहीत. "आगं, मी? तुमच्यात चालंल का? मानसं काय म्हनतील?"

"काय म्हनायचं ऱ्हायलंय?" धनश्री म्हणाली.

विमलबाई उठल्या. इतक्या माणसांदेखत त्यांना कधी काही करावं लागलं नव्हतं. घरात बोलणारा एकच होता आणि त्यांनी ऐकायचं काम केलं होतं. भीमराज टेपरेकॉर्डर घेऊन झोळीजवळ सरकला, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"नाव काय ठिवायचं?" विमलबाईंनी विचारलं.

"रूपाली," धनश्री म्हणाली.

फडातून आलेला एक जण खोकला आणि मग त्याने मान खाली घातली.

विमलबाई झोळीत वाकल्या. मुलीच्या कानाशी तोंड नेलं. आत्या कानात कुर्र करते तेव्हा मागून चारचौघी तिच्या पाठीत धपाटे घालतात, हसतात, ओरडतात. इथे मागे कुणीच नव्हतं. बायका लांब उभ्या होत्या. विमलबाईंनी डोळे मिटून घेतले आणि अगदी हळू म्हटलं, "कुर्र... रूपाली."

त्याच वेळी त्यांच्या पाठीत असा दणका बसला की कपाळ झोळीच्या दोरीवर आपटलं. त्यांनी वळून पाहिलं. मागे झुंबरबाई उभ्या होत्या. सूप तिकडे कलंडून बाजरी मातीत सांडली होती आणि म्हातारीचा हात पुन्हा वर गेला होता.

"मोठ्यानं म्हन की गं," झुंबरबाई म्हणाल्या. "टोळीला ऐकू जायला नको का?"