सहाव्या ओळीतली फुली

जयंतीमास्तरांनी टॉर्च दिला तेव्हा सोबत एक कागदही दिला, आणि झमकूचा सगळा राग त्या कागदावर होता. टॉर्चनं तिचं काही बिघडवलं नव्हतं. हातभर लांब, काळा, तोंड चहाच्या रकाबीएवढं. पण कागदावर आठ ओळी होत्या. एक किलोमीटर, दोन किलोमीटर, असं करत आठपर्यंत, आणि प्रत्येक ओळीपुढं एक चौकोन. तेवढ्या लांबून उजेड दिसला तर बरोबरची खूण करायची, नाही दिसला तर फुली मारायची. कागद भरून परत गेला की मास्तरांची मंडळी, म्हणजे मीठवाल्यांची संस्था, ठरवणार, रणातल्या अकरा पाट्यांवर, मिठागरांवर, मीठ पिकवणाऱ्या अकरा घरांना असा एकेक टॉर्च द्यायचा की नाही.

"विकणारा छातीठोक सांगतो, आठ किलोमीटर," मास्तर म्हणाले होते. "पण विकणारा म्हशीला हत्ती म्हणूनही विकेल. आपण मोजून बघू."

आठच का, तर गाव तेवढं लांब. रण म्हणजे खारं, उघडं मैदान, तिथं फोन लागत नाही. दिवसा कुणाचं काही अडलं तर मिठाच्या ढिगावर चढायचं, आरशात ऊन पकडायचं आणि गावाच्या दिशेनं तीनदा चमकवायचं. गावात कुणी ना कुणी बघतंच, आणि ट्रॅक्टर निघतो. पण सूर्य बुडाला की आरसा म्हणजे नुसती काच. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या पाट्यावरच्या ईसाभाईंची सून, जेनब, रात्री बाळंतपणात अडली. सकाळी आरशात धरण्याजोगं ऊन वर येईपर्यंत ती आणि पोटातलं मूल, दोघंही गेली होती. तेव्हापासून अकरा घरांत या टॉर्चची वाट बघणं चाललं होतं.

हे सगळं झमकूला पटत होतं. तिचं म्हणणं एवढंच, की ते मोजायला तिचाच नवरा कशाला? पण भुदर असाच. दुसऱ्याच्या घरी लग्न निघालं की मांडवाचा पहिला खांब हा रोवणार. त्यानं झोपडीसमोर दोन काठ्या एकीमागं एक ठोकल्या, बंदुकीच्या नेमासारख्या. त्या रोखानं तो मोटारसायकलवर सरळ जाणार, काट्यावर किलोमीटर भरला की थांबून मागं बघणार. झमकूनं दर पाव तासाला काठ्यांच्या रोखानं मिनिटभर टॉर्च धरायचा. त्याला दिसला की तो गाडीचा दिवा उघडझाप करून उत्तर देणार.

"अहो, रोटला तरी खाऊन जा," झमकू म्हणाली.

"आल्यावर खातो. चुलीवर राहू दे. आणि काठ्या सोडून इकडंतिकडं नको दाखवूस, नाहीतर चंद्रावरची म्हातारी उत्तर देईल." कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्यानं खिशात घातला.

दाराशी खाटेवर सवशीबापा बसले होते, भुदरचे वडील. चाळीस वर्षं पांढऱ्या मिठावरचं ऊन बघून त्यांच्या डोळ्यांत आता फक्त उजेड-अंधार तेवढा उरला होता. झमकू त्यांच्यासमोर छातीपर्यंत पदर ओढून वावरायची, आणि बोलणं तर चौदा वर्षांत एकदाही नाही. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, लाज पाळायची. काही सांगायचं असेल तर भुदरला सांगायचं, भुदर बापांना सांगणार. बापा म्हणायचे, "मला दिसत नाही, हिला बोलता येत नाही. भुदर, तुझं घर म्हणजे आंधळ्या-मुक्यांची जत्रा आहे रे."

दिवस बुडाला आणि खेळ सुरू झाला. खेळच वाटला तो. सव्वासहाला तिनं टॉर्च धरला, लांब गाडीचा दिवा उघडझाप झाला. साडेसहाला पुन्हा. पावणेसातला, सातला, सव्वासातला. पाचव्या वेळी उत्तर आलं ते मोहरीएवढं, पण आलं. झमकू एकटीच हसली. गडी मोठा हुशार, पण एवढ्या लांबून डोळे मिचकावतोय बायकोला!

मग वारा फिरला. पश्चिमेकडून ओल्या मातीचा वास आला. ऐन पौषात मावठं, अवकाळी पाऊस. कोरडं रण गिलाव्यासारखं कडक असतं, गाडी डांबरी रस्त्यावर धावावी तशी धावते. पण दोन बोटं पाऊस पडला की तेच रण माणसाचे पाय धरतं आणि सोडत नाही. वर थंडी. भिजलेल्या माणसाला उघड्या रणात पौषाची रात्र काढता येत नाही, हे तिथं पोराटोरांनाही ठाऊक असतं.

साडेसातला तिनं टॉर्च धरला तेव्हा समोर पांढरा पडदा उभा राहिला. आठ किलोमीटर जाणारा उजेड वीस पावलांवर पावसाच्या धारांत अडकून पडला. उत्तर आलं नाही. पावणेआठला तिनं पाच मिनिटं धरला. उत्तर नाही. गाडी बंद पडली की तिचा दिवाही विझतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे तो गाडीपाशी असेल आणि उजेड बघत असेल. किंवा गाडी सोडून निघाला असेल. किंवा. पुढचं ती मनात आणत नव्हती, पण ते येऊन बसलं होतं.

"उत्तर आलं का?" बापांनी खाटेवरून ओरडून विचारलं.

झमकू गप्प.

"अगं बोल! घरात तिसरं कोण आहे सांगायला? लाज कुणाची धरतेस, माझी की त्या पावसाची? आंधळ्यापुढं घुंघट घेऊन उभी राहिलीय!"

"नाही येत उत्तर, बापा," झमकू म्हणाली. चौदा वर्षांनी पहिलं वाक्य निघालं, तेही हे.

बापा खाटेवर पुढं सरकले. "उजेड कुठं टाकतेस?"

"काठ्यांवर."

"आणि तो काय काठ्यांवर बसलाय? गाडी रुतली तर माणूस चालणार, आणि रणात अंधारात चालणारा कधी सरळ चालत नाही. हा असला दोऱ्यासारखा उजेड. त्याच्या कानाजवळून गेला तरी त्याला पत्ता लागायचा नाही. वर धर. सरळ वर, ढगाला."

तिनं टॉर्च वर केला. पाऊस जरा विरळ झाला होता, त्यातून उजेडाचा एक खांब उभा राहिला आणि खाली आलेल्या ढगांच्या पोटाला जाऊन टेकला. तिथं परातीएवढा पांढरा डाग पडला. बापांनी तोंड वर केलं.

"हां," ते म्हणाले. "हा मलाही कळतोय. धरून ठेव."

तिनं धरला. दर पाव तासाला दहा मिनिटं, मग विझवायचा, मग पुन्हा. टॉर्चच्या मुठीवर चार हिरवे ठिपके होते, सेलमध्ये किती जीव उरलाय ते सांगणारे. साडेआठला तीन उरले. नऊला दोन. ती चिंब भिजली होती, हात खांद्यापासून बधिर झाले होते. ती रणातल्या माताजीला म्हणत होती, गाडी घे, पाटा घे, यंदाचं सगळं मीठ वाहून ने, माणूस तेवढा दे. मध्येच ती भुदरला शिव्या देत होती. चुलीवरचा रोटला करपल्याचा वास आला तेव्हा तिला रडू फुटलं.

सव्वानऊला एकच ठिपका राहिला.

साडेनऊला झमकूनं टॉर्च लावलाच नाही. ती चिखलात बसली, टॉर्च मांडीवर घेतला आणि त्यावर पदर टाकला. तिच्या डोक्यात हिशेबासारखा सरळ विचार आला होता: पहाटे धुकं पडेल, माणसं जमतील, शोधायला उजेड लागेल, तेव्हासाठी हा एक ठिपका राखून ठेवावा. काय शोधायला, हे तिचं तिला कळलं होतं. मनातल्या मनात तिनं बांगड्या फोडून टाकल्या होत्या.

"अंधार का झाला?" बापांचा आवाज आला. "बंद पडला?"

"नाही."

"मग?"

"एकच ठिपका राहिलाय, बापा. सकाळी... शोधायला लागेल."

खाट करकरली. म्हातारा चाचपडत, दाराच्या खांबाला धडकत, पावसात बाहेर आला, आणि त्यानं सुनेला अशा शिव्या घातल्या की सासऱ्याच्या तोंडून सुनेनं कधी ऐकू नयेत. "माझा पोरगा आहे तो! मिठाचा ढीग नाही, सकाळी फावड्यानं भरायला! लाव! तो ठिपका संपला तर झोपडी पेटव, पण लाव!"

तिनं लावला. पावणेदहा वाजले होते.

दहाच्या सुमाराला पूर्वेकडून हाका आल्या. ईसाभाई आणि त्यांच्याबरोबर तीन गडी, पायांखाली फळ्या टाकत, एक उचलत, दुसरी पुढं सरकवत अर्धा कोस चिखल तुडवून आले होते. ढगावरचा उजेड बघून निघाले होते.

"झमकूबेन, मध्ये दिवा कुठं गेला होता?" ईसाभाई धापा टाकत म्हणाले. "त्याच्याच रोखानं येत होतो. अंधार झाला तसे भलतीकडं गेलो, हा छगन तर खाऱ्या पाण्याच्या कुंडीत पडता पडता वाचला."

"तापला होता, भाऊ," झमकूच्या तोंडून निघून गेलं. "आपोआप गेला आणि आपोआप आला."

बापांनी ऐकलं. त्यांनी ईसाभाईंना फक्त दारातल्या दोन काठ्यांचं सांगितलं.

ईसाभाई काठ्यांचा रोख धरून निघाले. झमकूनं उरलेला ठिपका त्यांच्या पाठीवर धरला, म्हणजे ते तरी सरळ जातील. तो केव्हा संपला ते तिला कळलंच नाही. उजाडताना त्यांनी भुदरला फळ्यांवर घालून आणला. काठ्यांच्या ओळीत, साडेपाच किलोमीटरवर, गाडी अंगावर पडून पाय खाली अडकलेला. तापलेल्या सायलेन्सरनं पोटरी भाजली होती आणि त्यावर रात्रभर खारं पाणी. ओठ निळे, पण श्वास चालू होता.

सोळाव्या दिवशी तालुक्याच्या इस्पितळात जयंतीमास्तर आणि ईसाभाई भेटायला आले. भुदरच्या पायाची दोन बोटं गेली होती, पाय राहिला होता. झमकू खाटेच्या डोक्याशी पदर ओढून उभी होती. मास्तरांनी केळी ठेवली, तब्येत विचारली आणि मग खिशातून तोच कागद काढला. चुरगळलेला, एका कोपऱ्यात मिठाचं पांढरं.

"मंडळीची बैठक झाली," मास्तर म्हणाले. "टॉर्च परत करायचं ठरतंय. भुदर, पाच ओळी तू नीट भरल्यास. सहावीत मात्र समासात खुणांची रांग लावलीयस, वेळ घालून. आठ, बरोबर. सव्वाआठ, बरोबर. सव्वानऊपर्यंत सगळं बरोबर."

झमकूनं मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हतं. गाडीखाली पडल्या पडल्या, फोनच्या मिणमिणत्या उजेडात, तो दर पाव तासाला खूण करत होता! ती इथं मरत होती आणि तो तिकडं कागद भरत होता.

"आणि साडेनऊला फुली," मास्तर म्हणाले. "पुढं पुन्हा दोन खुणा, वाकड्यातिकड्या. ईसाभाईही तेच सांगतात, मध्येच आपोआप विझला. अडीनडीला आपोआप विझणारा दिवा आणि रात्रीचा आरसा, दोन्ही सारखेच. असला दिवा अकरा घरांच्या गळ्यात कसा बांधायचा?"

ईसाभाई खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. पुढच्या हिवाळ्यात नवी सून पाट्यावर येणार होती.

"मास्तर, ती फुली खोडा," भुदर एकदम म्हणाला. "माझी चूक. मला डुलकी लागली होती तेव्हा."

"डुलकीत माणूस फुली कशी मारेल रे?"

भुदर चादरीचं टोक ओढू लागला. त्यानं झमकूकडं बघितलं नाही, आणि बघत नाही म्हणजे त्याला माहीत आहे, हे तिला कळलं. टॉर्च आपोआप गेला नव्हता, तिनंच विझवला होता, हे चिखलात पडल्या पडल्या त्यानं ओळखलं होतं. सोळा दिवस तो त्याबद्दल बोलला नव्हता.

"फुली खरी आहे," झमकू पदराआडून म्हणाली.

तिघंही वळले. चारचौघांत ती अशी आपणहून बोलते हेच त्यांना नवीन होतं.

"दिवा आपोआप नाही विझला. मी ईसाभाईंना खोटं सांगितलं. दिवा चांगला आहे, मास्तर, पावसात, थंडीत, शेवटच्या ठिपक्यापर्यंत चालला. मी विझवला तो."

"का?" हे भुदरनं विचारलं.

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. "मला वाटलं, तुम्ही गेलात. सकाळी शोधायला उजेड लागेल म्हणून राखून ठेवला."

ईसाभाईंनी मान खाली घातली.

"मग परत का लावलास?"

"बापांनी शिव्या घातल्या म्हणून."

मास्तरांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पेन काढलं आणि कुणाकडं न बघता फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'दिवा चांगला, हातानं विझवला.' ईसाभाई उठले, झमकूपाशी येऊन दोन्ही हात जोडले आणि मास्तरांच्या मागोमाग बाहेर गेले.

भुदरनं नजर छताकडं वळवली. झमकूला वाटलं, आता हा बोलणारच नाही, आणि तेही बरोबरच आहे.

"किती वेळ विझवला होतास?" त्यानं विचारलं.

"पाव तास."

"पाव तासच?" भुदर म्हणाला. "मला तर रात्र वाटली."

मग भाजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून तो कसाबसा कडेला सरकला आणि खाटेवर तिच्यापुरती जागा केली.